कोंडा, कुटार आणि आमची बोडी

लोक घराबाहेर पडतात ते देव पाहायला, लेकीला भेटायला, नाहीतर दवाखान्यात. मी आणि माझी नणंद यमुना गेल्या माघात बाहेर पडलो ते मासे काय खातात हे पाहायला. भंडाऱ्याच्या बसस्टँडवर एका ओळखीच्या बाईनं विचारलं, "कोठं जाऊन राहिल्या नणंदा-भावजया?" मी खरं ते सांगितलं. ती जी हसायला लागली ती आमची गाडी सुटेपर्यंत हसतच होती. हसू दे. माशांनी काय खायचं हे ज्यांना विचारायचं त्यांनाच विचारायला निघालो होतो, त्यात चोरी कसली?

हे लिहायला भाद्रपद उजाडला. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पुढचं सगळं शिक्षण किराणा बांधून आलेल्या कागदांवर झालं. साखर डब्यात, कागद माझ्या हातात. त्यामुळे माझ्या लिहिण्यात बोलणंच जास्त येतं. माहेर विणकरांचं, सासर मोहाडीकडचं, धान पिकवणारं. गावाचं नाव सांगत नाही, आधीच भांडणं पुष्कळ आहेत.

तुम्ही आमच्याकडे आला नसाल तर आधी बोडी सांगते. बोडी म्हणजे लहान तलाव. पावसाचं पाणी धरायचं, धानाला द्यायचं, उरलेल्या पाण्यात मासे वाढवायचे. आमच्या गावची बोडी ग्रामपंचायतीकडून आम्ही आठ बायांनी करायला घेतली. रोहू, कतला, मिरगलची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडली. चारा सगळा आमच्या शेतातला. गिरणीवरचा तांदळाचा कोंडा. जवसाचं तेल काढल्यावर घाण्यावर उरते ती ढेप. लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, पीक झोडून दाणा घरात गेला की मागं राहतं ते कुटार, चक्कीतून बारीक काढलेलं. एरवी यातलं निम्मं जनावरांपुढं जातं नाहीतर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जळतं. मासे चांगले हातभर व्हायला लागले होते.

आणि कार्तिकात एका सकाळी सगळे उलटे. पांढरी पोटं वर.

गाव म्हणालं, बायांनी माशांना कचरा चारला. पौषात सरपंचांनी सांगितलं, पुढच्या ग्रामसभेत मासे कशानं मेले ते सांगा. नाही सांगता आलं तर बोडी ठेकेदाराला. तो कारखान्याच्या गोळ्या आणून मासे वाढवणार होता. ग्रामसभेला महिना होता. मी म्हणाले, सांगते. बोलून गेले तर खरी, पण सांगणार काय? म्हणून ही यात्रा.

यमुनाला मी का नेलं? ती मासा खात नाही. अंडंही नाही. पण बोडीवर सगळ्यांत आधी तीच पोचायची आणि माशांना "या रे, लेकरांनो" म्हणायची. मेले तेव्हा तिनं दोन दिवस जेवण टाकलं. असं माणूस बरोबर हवं.

लाखांदूर

एस.टी.तले हाल सांगत बसत नाही, ते सगळ्यांना सारखेच. खिडकीबाहेरचं सांगते. धान कापून झाला होता आणि त्याच ओल्या बांध्यांमध्ये लाखोरी उभी होती. निळी निळी फुलं. आमच्याकडं फूल लवकर झडतं, इकडं खाली चुलबंद नदीच्या बाजूनं अजून भर होता. तणशीचे, म्हणजे धानाच्या काडाचे, ढीग घराहून उंच.

लाखांदूरच्या अलीकडं एका खेड्यात सासरच्या नात्यातले वामनराव राहतात. त्यांच्या तळ्यात ते तणस टाकतात असं कानावर होतं. मला वाटलं होतं, गायीला टाकावी तशी पेंढी टाकत असतील. पाहते तर तळ्यात बांबू रोवलेले, प्रत्येक बांबूला तणशीची जुडी बांधलेली, अर्धी पाण्यात, अर्धी वर. एखाद्या नवऱ्या मुलाच्या मांडवासारखं तळं सजलेलं!

"मासे तणस खाते काय गा भाऊ?" मी विचारलं.

"तणस कायले खाईन? हात घालून पाहा."

मी हात घातला. तणस बुळबुळीत. तिच्यावर शेवाळाचा थर चढला होता.

"हे खाते," वामनराव म्हणाले. "रोहू येते अन् चाटून जाते. दोन-चार दिवसांनी पुन्हा चढते. आपण गायीले कुरण राखतो नाही, तसं हे माशाचं कुरण."

यमुनालाही पाहायचं होतं. ती वाकली, आणि तळ्याच्या पाळीवरून घसरून गुडघ्यापर्यंत चिखलात. एक चप्पल तळ्यानं ठेवून घेतली. वामनरावांची बायको हसत म्हणाली, "राहू द्या आक्का, तिच्यावरही शेवाळ चढंल, मासे तुमचं नाव घेतील." पुढचे दोन दिवस यमुना त्या घरच्या रबरी सपातांवर फिरली, एक निळी, एक लाल.

जेवायला तांदळाचे आयते, म्हणजे घावन, आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. आयते आम्ही जाड घालतो, इकडं इतके पातळ की ताटाची नक्षी दिसावी. मी पाच खाल्ले. वामनरावांनी जेवताना आपली फजितीही सांगितली. पहिल्या वर्षी त्यांनी बैलबंडीभर तणस एकदम पाण्यात लोटली. ती सडली, पाण्यातली हवा तिनं खाल्ली आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून मिटायला लागले. तेव्हापासून मोजक्या जुड्या, आणि सडायच्या आत बाहेर.

"तुमचेही तसेच वर येऊन तोंड उघडत होते का, वयनी?"

मी आठवून पाहिलं. "नाही. यमुनानं पाहिलं, वेडेवाकडे फिरले, बुडाले, मंग उलटे झाले. शिंगूरसुद्धा."

वामनरावांचा हात ताटातच थांबला. "शिंगूर मेले?" शिंगूर म्हणजे तो काटेवाला काळा मासा. पाणी आटलं तरी चिखलात जगतो, वर येऊन हवा घेतो. "मंग हे हवेचं नाही. हे दुसरं काही होय. सानगडीले तुळसाबाईकडं जा. तिच्या पिढ्या पाण्यात गेल्या. मले जे समजते ते तिच्याच घरून समजलं."

मी त्या रात्री निवांत झोपले. दोष कोंड्याचा नाही, एवढं तरी निघालं होतं. कोणीतरी बोडीत विष टाकलं असणार, असं माझ्या मनानं ठरवूनही टाकलं. कोणी, तेही ठरवलं. ते नाव इथं लिहीत नाही, कारण त्या माणसाची मला पुढं मनातल्या मनात माफी मागावी लागली.

सानगडी

सानगडीला बाजार होता. आमच्या बाजारात मासेवाल्या एका कोपऱ्यात बसतात, इकडं त्या ओळीनं मध्येच बसलेल्या, आणि बाजार त्यांच्या आवाजावर चालतो. तुळसाबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. समोर मरळ आणि वाळलेल्या झिंग्यांचा ढीग. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाल्या, "गिऱ्हाईक जाऊ दे बाई. मासे मेले ते काही जित्ते होऊन राहिले नाही, घाई कायची?"

दुपारी त्यांच्या घरी गेलो. आंगणात जाळं पसरलेलं, ते दुरुस्त करता करता त्या ऐकत होत्या. मी विणकराची लेक, माझं लक्ष त्यांच्या बोटांवर. आमच्याकडं धागा तुटला तर गाठ लपवतात. त्यांची गाठ उघडी, ठळक. मी तसं म्हणाले तर त्या म्हणाल्या, "लपवून कोणाले दाखवाचं? माशाले?"

मग विचारपूस सुरू झाली.

"काय काय चारत होती?"

"कोंडा, जवसाची ढेप, लाखोरीचं कुटार."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"आठव."

"काही नाही व बाई. जवसाची ढेप त्या हप्त्यात सरली होती, तं घरची होती ती दोन टोपले घातली."

"घरची कायची?"

"मोहाची."

तुळसाबाईंच्या हातातली सुई थांबली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, यमुनाकडं पाहिलं, आणि मांडीवर थाप मारून अशा हसल्या की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली.

"अव माय व! मोहाची ढेप! आयक व गंगू, हे बाई माशाले मोहाची ढेप चारून राहिली होती! अव, माझी सासू डबक्यातले मासे धराले मोहाचीच ढेप टाकत होती. कुटून टाकली का घटकाभरात सारे उलटे. जाळं कायले भिजवाचं?"

आमच्या घरी मोहाचं झाड म्हणजे घरातलंच माणूस. फुलं आम्ही वाळवून खातो. टोऱ्यांचं, म्हणजे बियांचं, तेल अंगाला लावतो. तेल काढून उरलेली ढेप धानाच्या बांधीत खत म्हणून जाते. ज्याचं फूल लेकराला चालतं, त्याची ढेप माशाला का चालू नये? मी कोणाला विचारलंही नाही, सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही केलंय, असं वाटलंच नव्हतं. सात बाया गावाच्या शिव्या खात होत्या आणि दोन टोपली माझी होती.

यमुना उठून आंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली, पाठ माझ्याकडं.

तुळसाबाईंचं हसू ओसरलं. त्यांनी आतून वांगं-झिंग्याची भाजी आणि भात आणला, यमुनाला वेगळ्या ताटात अंबाडी. "खा," म्हणाल्या. "आमच्यातही लेकरं चुकते. फरक एवढाच का आमचे लहानपणीच चुकते, मार खाते अन् शिकते. तुले म्हातारपणी शिकाव लागलं. बोडी मेली नाही तुयी. ते जहर पंधरा-वीस दिवसांत उतरते, मंग त्याचंच पाण्याले खत होते. औंदा बोटुकली टाक, पाहा कशी वाढते."

मग त्यांनी आपली रीत दाखवली. जवसाची ढेप रात्रभर भिजवायची, कोंड्यात मळायची, वाफ द्यायची. खताचं जुनं पोतं स्वच्छ धुवून त्याला बोटभर भोकं पाडायची, त्यात हे भरून बांबूला पाण्यात टांगायचं. मासे भोकांतून ओढून खातात. संध्याकाळी पोतं वर घेतलं की किती खाल्लं, किती उरलं ते कळतं. आम्ही मूठमूठ फेकत होतो, निम्मं तळाशी जाऊन सडत होतं. हेही त्या दिवशीच कळलं.

"अन् जे समजत नाही ते पाण्यात टाकाचं नाही," निघताना त्या म्हणाल्या. "विचाराचं. मले फोन कर. मी शिव्या देईन, पण सांगीन."

लाखनी

साकोलीला गाडी बदलली. यमुना खिडकीकडं तोंड करून बसली होती. लाखनी यायच्या आधी एकदम म्हणाली, "वयनी, गप राहाचं."

"म्हंजे?"

"कोणाले माहीत हाय? तुले, मले अन् त्या बाईले. ते सानगडीची. आपण सांगू, थंडीनं मेले. नाहीतर सांगू, कोणी जहर टाकलं. जहरच होतं ना ते? खोटंही होत नाही."

"टाकणारी कोण, विचारलं तं?"

"तं म्हणाचं, माहीत नाही." तिचे डोळे भरले होते. "लोक तुले मारीन नाही, पण उभ्या जन्मात सोडणार नाही. 'मासेमारीण' म्हणतीन."

खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला गोड लागलं होतं. लाखनी येईपर्यंत मी थंडीची गोष्ट मनात रचत होते, आणि चांगली रचली जात होती.

लाखनी म्हणजे मोठा रस्ता. ट्रकामागं ट्रक, टायरची दुकानं, चहाची दुकानं. आमच्या गावात एक ट्रक आला तर पोरं मागं धावतात, इथं कुत्रंही मान वर करत नाही. इथल्या एका दुकानात माशांच्या गोळ्या मिळतात, ते मला पाहायचं होतं. ज्याच्याशी भांडायचं त्याचं तोंड पाहून ठेवावं.

दुकानदार पोरगेलासा, गोड बोलणारा. खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. बरणीत पाणी भरून त्यात गोळ्या टाकून दाखवल्या. "पाहा मावशी, तरंगतात. मासा वर येतो, खातो, तुम्हाला दिसतो. वाढ सारखी होते." ते खरंही होतं, मी उगाच खोटं म्हणणार नाही. तो बोलत होता तोवर माझी जुनी खोड जागी झाली. मी पोत्यावरचं छापलेलं वाचायला लागले. मराठी खाली, बारीक अक्षरात. चष्मा नाकावर खाली ओढून मोठ्यानं वाचलं.

"तेल काढलेला भाताचा कोंडा. सोयाबीनची ढेप. मका." मी त्याच्याकडं पाहिलं. "भाऊ, हे तं आमचंच हाय! आमच्याच गिरणीतून गेलं, कोठंतरी तेल काढून घेतलं, अन् गोळ्या होऊन परत आलं. आमचा कोंडा तं तेलासगट हाय!"

पोरगा हसला. "बरोबर आहे मावशी, पण याचं प्रमाण ठरलेलं असतं. हे तपासलेलं असतं. घरचं काय, कोण काय मिसळेल भरवसा नाही. मोहाडीकडं एका गावात बायांनी कचरा घालून सगळी बोडी मारली म्हणतात."

यमुनानं माझा हात घट्ट धरला. अरे देवा, इथपर्यंत पोचलो होतो आम्ही!

मी उठले. थंडीची गोष्ट जिभेवर तयार होती. पण त्या पोराच्या तोंडून तो "कचरा" शब्द ऐकला आणि काय झालं कोणास ठाऊक. थंडी म्हटली असती तर मी सुटले असते, पण कोंडा-कुटाराच्या कपाळावरचा तो शिक्का कायमचा राहिला असता. जो तो म्हणाला असता, काही सांगा, बायांनी कचराच चारला होता. म्हणजे आपली चूक झाकायला मी आपल्याच शेताला बदनाम होऊ द्यायचं?

"त्या बाया आमीच," मी म्हणाले. "कचऱ्यानं नाही मेले. मीच मारले. मोहाची ढेप घातली मी, दोन टोपले. अडाणीपणा माझा. कोंड्यानं काही केलं नाही. हे ज्यानं तुले सांगितलं त्यालेही सांग."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती वळून पाहायला लागली. पोरगा गोरामोरा झाला. बाहेर आल्यावर यमुना एवढंच म्हणाली, "आता तं झालंच. चाल, चहा पाज."

घरी

ग्रामसभेत मी हेच सांगितलं, थोडं जास्त चांगलं, कारण एकदा सराव झाला होता. यमुनानं सांगितल्याप्रमाणं मागून कोणीतरी "मासेमारीण" म्हणालंच. सरपंच म्हणाले, "म्हंजे काकू, तुमीच कबूल करता का बायांले जमत नाही."

"मले जमलं नाही, हे कबूल करतो," मी म्हणाले. "बायांले जमत होतं. सात जणी बरोबर चारत होत्या, तवाच तं हातभर मासा झाला होता. लिहून पाहिजे तं लिहून देतो का मासे गिरजानं मारले. पण कोंड्यानं मारले असं लिहिणार नाही. ठेकेदार कारखान्याची पोती आणंल, त्यातही कोंडाच हाय, मी वाचून आली."

मला वाटलं होतं, आता आमच्या बाया टाळ्या वाजवतील. कोणी वाजवल्या नाहीत. सुनीता उभी राहिली. आमच्यात सगळ्यांत लहान, पण बोलायला पक्की. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "चार महिने आमी शिव्या खाल्ल्या. हिनं टोपले घातले अन् एका शब्दानं सांगितलं नाही. हिचा राग आमाले हाय, तो आमी पाहून घेऊ. पण बोडी आमी सोडत नाही, अन् चाराही आमचाच चालंल. तणशीच्या जुड्या बांधू, पोते टांगू. औंदाचा हंगाम द्या. नाही झालं तं आमीच किल्ली आणून देऊ."

बोडीला कुठली किल्ली? पण सभा हसली, आणि त्या हसण्यात सरपंचांनी एक हंगाम दिला. ठेकेदार उठून गेला.

राग मात्र त्यांनी खरंच पाहून घेतला. नियम केला: गिरजाबाईचं टोपलं उघडून पाहिल्याशिवाय पाण्यात जाणार नाही. बाकी कोणाचं नाही, माझंच. साठी उलटलेली बाई मी, नातवंडं असलेली. पहिल्या दिवशी वाईट वाटलं, घरी येऊन भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी वाटलं, बरोबर आहे.

आता भाद्रपद आहे. बोटुकली सोडून महिना-दीड महिना झाला. वाढतील की नाही, आज कोण सांगणार? सकाळी मी टोपलं घेऊन पाळीवर येते. सुनीता कोपरापर्यंत हात घालून कोंडा वरखाली करते, ढेपेचा तुकडा उचलून वास घेते, यमुनाला देते, यमुनाही वास घेते. जाणारे-येणारे थांबून पाहतात, कोणी दात काढतं. मी टोपलं आणखी वर धरते, रस्त्यावरून दिसेल असं.

"पाहा," म्हणते. "तुमीही या, पाहा. कोंडा हाय."